स्वतः लिहितील तेवढंच

रविवारच्या पेपरात ख्यातनाम क्रीडालेखक राजाध्यक्षांचा लेख वाचताना शबाना मुजावरचा चहा हातातच राहिला. महिला कबड्डीच्या सामन्याचा हा वृत्तांत तिनेच आठवड्यापूर्वी सांगलीच्या साप्ताहिकात लिहिला होता. अल्पविरामासकट सगळं तेच. खेळाडूची फाटकी जर्सी लाल दोऱ्याने शिवल्याचंही त्यात होतं. तो दोरा शबानाच्या पर्समधला होता, आणि राजाध्यक्ष तिकडे फिरकलेसुद्धा नव्हते.

दोन्ही कात्रणं घेऊन तिने मुंबईत त्या पेपरच्या संपादकांची केबिन गाठली. संपादकांनी राजाध्यक्षांनाही बोलावून घेतलं.

"प्रेरणा घेतली हो, एवढंच!" राजाध्यक्ष हसले.

"यांना काढूनच टाकतो," संपादक म्हणाले.

"नको," शबाना म्हणाली. "शनिवारी आमच्या तालुक्याचे सामने आहेत. यांना मैदानावर बसवा, आणि स्वतः लिहितील तेवढंच छापा."

शनिवारी राजाध्यक्ष दिवसभर मंडपात घाम पुसत बसले. संध्याकाळपर्यंत वहीत तारीख आणि स्वतःचं नाव, एवढंच उतरलं होतं. शेवटी ते शबानाजवळ येऊन कुजबुजले, "ताई, तुमचं लिहून झालं असेल तर जरा बघू?"

तिने आपली वही मिटली.

रविवारी त्यांच्या मोठ्या फोटोखाली जवळजवळ सबंध रकाना कोरा होता. वर एकच ओळ छापलेली होती: "सामने अत्यंत चुरशीचे झाले."