ज्वालामुखी आणि खलबत्ता

बालीचा जागृत ज्वालामुखी पाहून श्रीनाथराव परत आले, त्याला महिना होत आला होता. तेवढ्या दिवसांत जर्मनीतल्या रेगेन्सबर्गमधला एकही मराठी माणूस त्यांच्या तावडीतून सुटला नव्हता. आज प्रणव जेवायला आला होता, म्हणजे सापडला होता.

"गाइड मागे ओढतोय, मी म्हटलं, सोड रे! थेट काठावर गेलो. पायाखाली जमीन गुरगुरतेय. भीती? छे! आपल्याला तो प्रकारच माहीत नाही."

त्यांची बायको वसुधा ताटं मांडत होती. तिची आई सकाळपासून शेंगदाणे आणि सोलापूरहून आणलेला खलबत्ता पुढ्यात घेऊन स्वयंपाकघरात बसली होती. उद्या सकाळी तिचं विमान होतं. जाण्याआधी लेकीला एकदा कुटलेली चटणी खाऊ घालायची, एवढीच तिची हौस. पण रविवारी ठोकाठोक केलेली खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ हूबरना खपत नसे.

"अहो, खाली जाऊन एकदा त्यांना विचारून या ना. कुटायला दहाच मिनिटं लागतील."

श्रीनाथरावांचा आवाज एकदम कुजबुजीवर आला. "आज रविवार, दिवसभर रूहेत्साइट, शांतता पाळायची वेळ असते, माहितेय ना? आणि हळू बोल. ऐकू जातं त्यांना." मग त्यांनी बसायची खुर्चीसुद्धा न सरकवता दोन्ही हातांनी अलगद उचलून पुढे ठेवली.

वसुधाने त्यांच्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. आईने शेंगदाणे परत डब्यात भरले, आवाज न करता झाकण लावलं आणि दारात येऊन अगदी हळू विचारलं,

"जावईबापू, त्या ज्वालामुखीच्या खाली कोणी राहत नव्हतं वाटतं?"