कार्ड कापून मिळेल

"मास्तर, ह्याला खाचच नाही," फोन चारही बाजूंनी फिरवून बघत बाई म्हणाल्या.

मास्तरांनी मान पुढं काढली. "खाच नाही म्हणजे? मग सिमकार्ड कुठं घालायचं?"

"घालायचंच नाही. आता कार्ड फोनच्या आतच असतं. कंपनीनं पाठवलेलं चित्र फोनला दाखवायचं, की झालं. कापाकापी संपली."

मास्तर शिंपी होते. वय बावन्न, एकटा जीव सदाशिव. भाचीनं हौसेनं नवा फोन पाठवला होता. खोकं उघडताना मास्तरांना आनंद झाला, पण तो फोनचा नव्हे. कार्डवाल्या बाईंकडे जायला आता निमित्त मिळालं, याचा. आणि मेल्या त्या फोनला खाचच नव्हती!

अकरा वर्षांपूर्वी ते पहिल्यांदा या दुकानात आले, ते बोटाच्या पेराएवढं कार्ड घेऊन. नव्या फोनला त्याहून लहान लागत होतं. बाईंनी ते स्टेपलरसारख्या यंत्रात घातलं, जीभ दाताखाली धरून दाबलं आणि कडेवरून हलकेच कानस फिरवली. चकाकत्या भागावर ओरखडासुद्धा नाही. मास्तरांनी ती कड बोटानं चाचपली आणि मनात म्हणाले, वा, हात आहे! उभ्या जन्मात त्यांनी दुसऱ्या कुणाच्या कापण्याला वा म्हटलं नव्हतं. गडी तिथंच विरघळला.

पुढं कार्डं आणखी लहान झाली, तेव्हा मास्तर परत आले. मग 'जुना फोनच बरा होता' म्हणत, त्या चिमुकल्या कार्डाला प्लॅस्टिकची चौकट बसवून मोठं करून घ्यायला आले. मग चौकट ढिली झाली. मग चौकटीतून कार्ड निघेना. एकदा तर काहीच सुचेना, तेव्हा 'हे जरा तिरकं कापलं गेलंय का हो?' असं विचारून बसले. आता बघा, सुताभराचा फरक ज्याच्या नजरेतून सुटत नाही, त्या माणसाला हे सगळं घरी आपल्या कात्रीनं जमलं नसतं? डोळे मिटून जमलं असतं. पण चोराच्या मनात चांदणं. बाईंना कळलं तर नसेल, या धास्तीनं परत जाताना त्यांचे कान तापलेले असायचे.

यायचे ते मंगळवारी, कारण त्यांचं शिवणाचं दुकान मंगळवारी बंद. कुठल्या मंगळवारी येणार हे काही आधी सांगितलेलं नसे. पण नशीब बघा, बाई कायम दुकानात. दुसरं गिऱ्हाईक मात्र तिथं कधी दिसलं नाही. बिचारीचा धंदा बसलाय, असं मास्तरांना वाटे, आणि आपण जातो तेवढाच हातभार, अशी ते मनाची समजूत घालत.

सगळा रस्ता बाईंना ताई म्हणायचा. मास्तरांनी तेवढा एक शब्द कटाक्षानं टाळला होता. 'अहो'वर अकरा वर्षं काढली.

आजचं काम पाच मिनिटांत झालं. बाईंनी फोनला चित्र दाखवलं, फोन किणकिणला. जुनं कार्ड त्यांनी मास्तरांच्या तळहातावर ठेवलं.

"घ्या. आता कसली कटकट नाही. सुटलात तुम्ही," बाई हसून म्हणाल्या. पण ते हसू काही डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. मग त्या फडकं घेऊन काचेचं कपाट पुसायला लागल्या. ते स्वच्छच होतं.

"अहो," मास्तर म्हणाले.

"काय?"

"काही नाही. येतो."

येतो म्हणाले खरे, पण आता यायचं कशासाठी? कोपऱ्यावरच्या वह्या-पुस्तकांच्या दुकानापाशी त्यांचे पाय अडले. मोठ्याचं लहान, लहानाचं मोठं करता करता अकरा वर्षं निघून गेली, आणि आपण तोंडातून अवाक्षर काढलं नाही. पुढचा मंगळवार कसा जायचा? त्यांना एकदम रडूच यायला लागलं. मग स्वतःचाच राग आला. अरे बेट्या, जन्मभर दुसऱ्यांची मापं घेतलीस, एकदा स्वतःचं तोंड उघड की! फार तर काय, नाही म्हणतील. त्यानं माणूस मरतो थोडाच? सरळ सांगायचं, कार्डाचं काही नव्हतं हो, मला तुम्ही आवडता. मास्तरांनी ते वाक्य दोनदा घोकलं, तिसऱ्यांदा घोकायला घाबरले आणि तसेच माघारी फिरले.

सकाळचे साडेदहा वाजले होते. शेजारची सगळी दुकानं उघडी होती, रस्त्यावर वर्दळ होती. बाई मात्र आपलं शटर खाली ओढून, वाकून कुलूप लावत होत्या. इतक्या वर्षांत मास्तरांनी ते शटर खाली आलेलं कधी बघितलंच नव्हतं. त्यावर रंग उडालेल्या, हातभर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'दर मंगळवारी दुकान बंद राहील.'