भुशाच्या फळ्यांचं कपाट

“पुरुषानं आयुष्यात एकदाच रडावं, तेही जन्मताना,” असं झुलालआबा शेजारच्या बेबाबाईला बजावत होते. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

बेबाबाई विरजण मागायला आली होती. ती वाटी तशीच घेऊन परतली. “रडी ल्या आबा, मन हलकं व्हई जास,” एवढंच म्हणाली. कोण गेलं, हे तिनं विचारलं नाही. खानदेशात ते विचारत नाहीत. दारावर जाऊन, सगळं ठाऊक असल्यासारखं मान खाली घालून बसायचं असतं.

तासाभरात गल्ली येऊन बसली. मेलेल्याचं नाव शेजारच्याला ठाऊक असेल, असं प्रत्येकाला वाटलं.

खोलीत भिंतीला टेकून नवं कपाट उभं होतं. भुसा दाबून केलेल्या फळ्या, वर चकचकीत सनमायका. दिवाळीला यायला जमलं नाही म्हणून मुलानं ते भुसावळहून पाठवलं होतं. बायको सुंदरबाई जाऊन तीन वर्षं झाली होती. तेव्हापासून आबांकडे नियमानं येणारा माणूस एकच, लाइटचं मीटर वाचणारा. मीटर बाहेरच्या भिंतीवर नेल्यापासून तोही आत येत नव्हता.

आता रोज सकाळी नऊला सतरंजी भरू लागली. त्या खोलीत रडायला कुणाला अडचण आली नाही. ज्यांना आबा आवडत नसत, तेही रडले. गफूर टेलरनं एका पायजम्यावरून दोन वर्षं अबोला धरला होता. तो रुमाल भिजवून उठला. सुतकाच्या घरात चूल पेटवू देत नाहीत, म्हणून चार घरचे डबे येऊ लागले. आबा चारचौघांत बसून जेवू लागले. फक्त खोकला वाढला. सलग दोन वाक्यं बोलली की दम लागे. लोक म्हणाले, दुःख मोठं आहे.

पाचव्या दिवशी धुळ्याहून मोतीलाल मास्तर आले. आबांचे शाळेतले सोबती, कॉलेजात जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. ते बसलेच नाहीत. हुंगत हुंगत कपाटापाशी गेले, दार उघडलं आणि दोन पावलं मागं सरले. लोक उठून जाईपर्यंत गप्प राहिले. मग त्यांनी समजावून सांगितलं. भुसा चिकटवायच्या डिंकात फॉर्मलिनची भानगड असते, तोच हा वास. परदेशात तो किती सुटावा याला कायदा आहे. इथं सुतार म्हणतो, नवं आहे, जाईल. तोवर छातीचं काय व्हायचं ते होतं.

“झुलाल, मी तीस वर्षं फॉर्मलिनमध्ये मेलेले बेडूक ठेवले. जिवंत माणूस ठेवत नाहीत. दार उघडलं की डोळे झोंबतात, हे तुला कळलं नाही?”

“पहिल्याच दिवशी कळलं.”

कपाट अंगणात काढायला चार माणसं बोलवावीत म्हणून मास्तर उंबऱ्याकडे वळले. आबांनी त्यांची बाही धरली. बराच वेळ खोकले. मग हळूच म्हणाले,

“रविवारी जामनेरहून सुंदराच्या माहेरची माणसं दारावर यायची आहेत. तेवढं सोमवारी काढ.”