तीन रात्री सुदुंबऱ्याला

सरकारी सर्वेक्षणाला आलेल्या समीक्षानं विचारलं, “वर्षभरात घरातलं कुणी मुक्कामी फिरायला गेलं होतं का?”

वडिवळ्याच्या धरणाकाठी तंबूत उतरणाऱ्या पर्यटकांसाठी दर शनिवारी ढीगभर भाकऱ्या थापणाऱ्या नंदाबाईला हसूच आलं. “आमी कुटं जातोय बाई? दिवाळीला तेवढी माहेरी गेलते, सुदुंबऱ्याला. तीन रात्री.”

“तेही पर्यटनच धरतात, मावशी. राहण्याजेवणाचा खर्च किती आला?”

“माहेरात?”

समीक्षानं हसत शून्य लिहिलं आणि पर्यटकाच्या रकान्यात नंदाबाईचं नाव घातलं.

ती अंगणाबाहेर पडते न पडते तोच नंदाबाईनं परसात लाकडं फोडणाऱ्या नवऱ्याला हाक मारली. “अवं, सरकारनं मला पर्यटकांत धरलंय. या शनिवारी मी सुदुंबऱ्याला मुक्कामी. भाकऱ्या तुमी थापा.”