लाल गाडी

माझ्या धाकट्या बहिणीचे हात जन्मापासूनच तिचं ऐकत नाहीत. लहानपणी तिचे पत्ते मीच धरायचे आणि तिचा चेहरा पडू नये म्हणून माझं हुकमाचं पान मुद्दाम हातातच ठेवायचे. ती जिंकली की घरभर कौतुक व्हायचं, आणि मलाही बरं वाटायचं.

आता दोघीही सत्तरी ओलांडलेल्या. गेल्या महिन्यात माझ्या सुनेनं टीव्हीवरच्या गाड्यांच्या खेळासाठी बहिणीच्या खुर्चीला तळहाताएवढी बटणं बसवून दिली, कोपरांपाशी दोन आणि गालाजवळ एक. कोपरानं गाडी वळते, गालानं वेग घेते. तेव्हापासून शर्यतीत तिची लाल गाडी रोज माझ्या पुढे. नातवंडं तिच्याच खुर्चीभोवती नाचतात, आणि माझ्या पोटात दुखतं. धडधाकट दहा बोटं असून मी मागे! दुपारी सगळे झोपले की मी आवाज बंद करून गुपचूप सराव करते.

काल तर दातओठ खाऊन खेळले. शेवटच्या वळणापर्यंत मीच पुढे होते. तिनं नुसता गाल टेकवला आणि लाल गाडी माझ्या शेजारून निघून गेली.

टाळ्या थांबल्यावर ती हळूच म्हणाली, “ताई, पत्त्यांपासून बघतेय मी. आता तरी मुद्दाम हरणं सोड गं.”

 

“बरं,” मी म्हणाले, “उद्यापासून सोडते.”