निम्मी शक्यता

माझी बायको नंदा वारल्यावर उदय मला रोज विचारायचा, "बाबा, काहीच उपाय नव्हता?" मी नाही म्हणायचो. दोन महिन्यांनी त्याने विचारणं सोडलं आणि परत माझ्याशेजारी बसून टीव्ही बघायला लागला.

एप्रिल शहाऐंशी, अमेरिका. आमच्या शहराच्या अमेरिकन फुटबॉल टीमने ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, एकवीस वर्षांचा क्वार्टरबॅक, टीमचा मुख्य खेळाडू, घेतल्याची बातमी लागली. पोराच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. माझा मित्र प्रताप भडकला.

"वेडे आहेत यार! हा खेळू शकेल की नाही, फिफ्टी-फिफ्टी चान्स, आणि त्याच्यावर पहिला पिक, पहिली निवड घालवली. कोणीतरी सेफ घ्यायचा!"

"सेफ खेळून दरवर्षी हरतोच ना, काका?" उदय म्हणाला.

"तू सांग रे," प्रताप माझ्याकडे वळला, "तू घेतला असतास?"

"नसता घेतला."

उदय कितीतरी दिवसांनी हसला. "आईने घेतला असता. ती घाबरायची नाही."

जानेवारीत डॉक्टर म्हणाले होते, ऑपरेशन केलं तर वाचण्याची शक्यता निम्मी आहे, पेशंटला विचारा. त्यांचं इंग्रजी नंदाला कळायचं नाही. तिने माझ्याकडे बघितलं, आणि मी मराठीत सांगितलं, "गोळ्यांनीच बरं वाटेल म्हणतायत."