ताटलीतलं फूल

परसबागेत काकूंचा एकच कायदा होता. जे पोटात जाणार नाही, ते मातीत लावायचं नाही. काकांनी सगळ्यांसमोर चार पाकळ्या चावून दाखवल्या, तेव्हा कुठे रानगुलाबाला कुंपणाशी जागा मिळाली.

त्याला आता तीस वर्षं झाली. आज मुलाने सुनेसाठी फुलांचा गुच्छ आणला आणि काकूंचा पारा चढला.

"शिका जरा पोराकडून! इतक्या वर्षांत एक फूल तरी दिलंत का मला?"

"बहर असला की रोज देतो," काका म्हणाले.

"कधी? स्वप्नात?"

"सकाळी, न्याहारीच्या ताटलीत. काटे टोचून घेऊन तोडतो आणि पावाशेजारी ठेवतो. तू पाकळ्यांचं कडू बूड खुडतेस आणि खाऊन टाकतेस."

"अहो, मला वाटलं, चवीला ठेवता!"

सून हसू दाबत आत पळाली.

दुसऱ्या दिवशी ताटलीत दोन फुलं होती.

"आज दोन कशाला?"

"एक खा," काका म्हणाले, "म्हणजे दुसरं वाचेल."